नरसिंहाला धरून ठेवणारं गाव



पापनाशम् म्हटलं की अनेकांना कमल हासनचा चित्रपट आठवतो. मल्याळम 'दृश्यम'चा तो तमिळ अवतार. पण त्यातलं पापनाशम् तिकडे खाली, तिरुनेलवेलीकडचं. आज मी तुम्हाला नेणार आहे ते पापनाशम् वेगळं. तंजावरहून कुंभकोणम्‌ला जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचं, दोन्ही बाजूंनी भातशेतीने वेढलेलं छोटंसं तालुक्याचं गाव.

सोबत माझी भाची होती. सातवीतून आठवीत गेलेली. मे महिन्याच्या सुट्टीत कुठे जायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. "आत्या, तिकडे बघायला काय आहे?" या तिच्या प्रश्नाला मी म्हटलं, "एक नाटक." ती म्हणाली, "नाटक तर इथे पण आहे की." मुद्दा बिनतोड होता. तरी आम्ही गेलो.

भाताचं कोठार आणि नाटकाचं गाव

पापनाशम्‌ला उतरलात तर दोन जागा बघून घ्या. एक तिथलं शंकराचं देऊळ. त्यात एकशे आठ शिवलिंगं आहेत. खर-दूषणांच्या वधाचं पाप धुण्यासाठी रामाने त्यांची पूजा केली अशी कथा सांगतात, आणि गावाच्या नावाचा अर्थही तसाच आहे. कर्नाटक संगीतातले मोठे रचनाकार पापनाशम् शिवन (1890-1973) हे याच गावाचं नाव लावत.

दुसरी जागा तिरुपालैतुरैच्या देवळातलं विटांचं गोल धान्यकोठार. नायक राजांच्या काळातलं, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. सुमारे 36 फूट उंच. भाची त्याला बघून म्हणाली, "एवढा तांदूळ कोण खायचं?" मला तेव्हा हसू आलं. पण आम्ही जे बघायला निघालो होतो, त्याचं अर्धं उत्तर या प्रश्नातच होतं. ज्या मुलखात कोठारं भरलेली असतात, तिथे राजा गवयाला, नर्तकाला, पंडिताला जमीन देऊ शकतो. कावेरीच्या खोऱ्यात तेच झालं.

पापनाशम् तालुक्यातच मेलट्टूर नावाचं गाव आहे. विजयनगरचं साम्राज्य ढासळल्यावर तेलुगू कुटुंबं दक्षिणेकडे आली. तंजावरच्या अच्युतप्पा नायकाने त्यांना इथे वसवलं. 510 कुटुंबांना घर आणि जमीन मिळाली असं परंपरा सांगते. राजाच्या नावावरून गावाला अच्युतपुरम् म्हणत, आणि उन्नतपुरी असंही त्याचं एक जुनं नाव आहे. या कुटुंबांनी भागवतातल्या कथा गाऊन, नाचून, बोलून दाखवायची रीत जपली. तिचं नाव 'भागवत मेळा'. दरवर्षी नरसिंह जयंतीला, वैशाख शुद्ध चतुर्दशीला, इथे 'प्रह्लाद चरित्र' होतं. त्या सुमारास आणखी काही रात्री इतर नाटकं होतात.

"थिएटर कुठंय?"

मेलट्टूरला पोचलो तेव्हा दुपार होती. ऊन मी म्हणत होतं. भाचीने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आत्या, थिएटर कुठंय?"

आम्ही थिएटरमध्येच उभे होतो. तुम्हीही गेलात की पहिल्यांदा तुमची नजर अशीच शोधत राहील. तिथे नाट्यगृह म्हणून वेगळी इमारत दिसत नाही. वरदराज पेरुमाळचं देऊळ आहे, देवळासमोर रस्ता आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाला एक लागून जुन्या पद्धतीची घरं. प्रत्येक घराला रस्त्याकडे तोंड केलेला ओटा. तमिळमध्ये त्याला 'तिण्णै' म्हणतात. वर्षभर त्या रस्त्यावरून सायकली जातात, दूध येतं, मुलं शाळेत जातात. उत्सवाच्या दिवसांत तिथेच मांडव पडतो, आणि रस्त्याचं रंगमंदिर होतं.

रचना समजून घ्या, कारण तिच्यात एक गंमत आहे. मांडवाच्या एका टोकाला रंगमंच. समोर, लांब अंतरावर, देवळातली उत्सवमूर्ती आणून बसवतात. प्रेक्षक मधे. म्हणजे नाटक देव बघतो. आपण त्या दोघांच्या मधे बसलेली मंडळी. पहिल्या रांगेचा मान कुणाचा, हा वादच उरत नाही.

रात्र

रात्रीचं जेवण आटोपून गाव मांडवात येतं. आज्या जागा धरून बसतात, लहान मुलं तिथेच चटईवर पेंगतात. मृदंग, व्हायोलिन, बासरी आणि झांजा लागतात. आधी 'कोणंगी' येतो. रंगीत कपडे, उड्या, थट्टा. लोकांना सावरून बसवणं हे त्याचं काम. मग मंगलगान होतं. आणि मग गणपती येतो. हत्तीचा मुखवटा घातलेला गावातलाच एक लहान मुलगा.

या क्षणाला मांडवात जे होतं ते सांगायला हवं. सगळ्यांचे चेहरे बदलतात. त्या मुलाचे पाय नीट पडतात की नाही हे बघायला त्याची आई, काका, शेजारी सगळे पुढे झुकतात. त्यातल्या कित्येक पुरुषांनी लहानपणी हाच मुखवटा घातलेला असणार. भाचीची झोप तिथेच उडाली. "हा तर माझ्यापेक्षा लहान आहे!"

नाटक तेलुगूत आहे. गाव तमिळ बोलतं. आम्हाला दोन्ही भाषा येत नव्हत्या. तरी अडलं नाही, कारण गोष्ट आपल्याला पाठ आहे. फरक एवढाच की आपल्याकडे प्रह्लादाची आई कयाधू, इथे तिचं नाव लीलावती. प्रत्येक पात्र आपला प्रवेश गाण्याने आणि नाचाने करतं. स्वतः बोलतं, स्वतः गातं. हिरण्यकशिपूच्या गुर्मीला भाषा लागत नाही. लीलावतीच्या जिवाची घालमेल तर अजिबातच लागत नाही. एकीकडे नवरा, एकीकडे पोर.

लीलावतीची भूमिका करणारा पुरुष असतो. इथे सगळ्या स्त्रीभूमिका पुरुषच करतात. भाचीने विचारलंच, "बायका का नाहीत?" मी खरं ते सांगितलं. देवळापुढच्या या परंपरेची चौकट जुनी आहे, आणि तिच्यात बायकांना मंचावर जागा नव्हती. पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी यातली काही नाटकं आपल्या कलाक्षेत्र संस्थेत नव्याने बसवली, तिथे मुलींनीही ती केली. भाचीचं समाधान झालं नाही. व्हायला हवं असंही नाही.

पहाटेकडे नरसिंह येतो.

नरसिंहाचा मुखवटा हे इथलं नाटकाचं सामान मानत नाहीत. तो पूजेतला आहे. वर्षभर त्याची पूजा होते, आणि त्या रात्रीपुरता तो मंचावर येतो. तो घालणारा माणूस दिवसभर उपास करतो. मुखवटा चढला की तो नट राहत नाही, त्याच्या अंगात संचार होतो अशी गावाची श्रद्धा आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी माणसं त्याला धरून ठेवतात. समोर हिरण्यकशिपू तलवार उगारून उभा, हा त्याच्याकडे झेपावतोय, आणि माणसं जीव खाऊन त्याला मागे ओढतायत. पोट फाडण्याचा प्रसंग दाखवत नाहीत. दाखवायची गरजही राहत नाही. मी पन्नाशीची बाई, घाबरले.

भाचीने माझा हात घट्ट धरला होता. सगळं शांत झाल्यावर तिने हळूच विचारलं, "ते त्याला का धरून ठेवतात? हिरण्यकशिपू वाईटच आहे ना?"

मी म्हटलं, "अगं, हिरण्यकशिपू झालेला माणूसही याच गावचा. उद्या दोघांना इथेच राहायचंय."

रात्री राजा

आमच्या सिंधुदुर्गात दशावतारी नटांबद्दल एक म्हण आहे: रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. रात्रभर मुकुट घालून मिरवलेला नट पहाटे स्वतःची पेटी उचलून पुढच्या गावाला चालू लागतो.

मेलट्टूरची गोष्ट फार वेगळी नाही. इथल्या कलाकारांचं पोट या कलेवर चालत नाही. कुणी बँकेत काम केलेला, कुणी कंपनीत, कुणी दुसऱ्या शहरात स्थायिक झालेला. उत्सवाच्या दिवसांत रजा टाकून ही मंडळी गावाला येतात, तालमी करतात, रंग लावतात, आणि उत्सव संपला की पुन्हा गाडीत बसतात. बाप जी भूमिका करायचा ती मुलाकडे येते. आवाज जाड झाला की प्रह्लाद करणारा मुलगा दुसरं काही शिकतो आणि प्रह्लाद धाकट्याकडे जातो.

हे सगळं अखंड चालत आलंय असं समजू नका. आज जी नाटकं होतात त्यातली प्रमुख मेलट्टूरच्याच वेंकटराम शास्त्रींनी लिहिली, तंजावरच्या मराठी राजवटीच्या उत्तरकाळात. 1855 मध्ये राजे शिवाजी (दुसरे) वारले आणि कंपनी सरकारने ते राज्य खालसा केलं. दरबार गेला, आश्रय गेला. हळूहळू शिकलेली मुलं शहरांकडे गेली. सालियमंगलम्, तेप्पेरुमानल्लूर, ऊत्तुकाडू, शूलमंगलम्, नल्लूर अशा आसपासच्या गावांतही हीच परंपरा होती. काही गावांत ती थांबली, काहींत टिकली. मेलट्टूरमध्येही तिला खंड पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नटेश अय्यरांनी ती पुन्हा उभी केली. त्यांच्यानंतर पुन्हा ओहोटी आली. 1930च्या दशकात ई. कृष्ण अय्यर यांनी गावातल्या जाणत्यांना हाताशी धरून तिला पुन्हा धुगधुगी आणली. भरतनाट्यमला लोकमान्यता मिळवून देण्यासाठी झटलेले वकील ते हेच. 1960च्या दशकात पुन्हा एक पिढी पुढे आली. आज गावात एकापेक्षा जास्त मंडळं आहेत. गणपती मंडळं कशी फुटतात हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही. पण दोन मंडळं भांडायला तरी उरली आहेत, हेही काही कमी नाही.

म्हणजे बघा, राजाने दिलेली जमीन गेली तरी नाटक पुन्हा उभं राहिलं. का? माझ्यापुरतं उत्तर मला त्या रात्री मिळालं. कारण दर वेळी दोन-चार माणसांना वाटलं की हे आपलं काम आहे. सरकारचं नाही, राजाचं नाही, शेजारच्याचंही नाही.

आपला धागा

तुम्ही म्हणाल, तेलुगू नाटक, तमिळ गाव, यात मराठी वाचकाचं काय?

पुष्कळ आहे. छत्रपती शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1670च्या दशकात तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं केलं. ते 1855 पर्यंत टिकलं. या राजांनी आपली भाषा इथल्या लोकांवर लादली नाही, उलट इथल्या भाषा स्वतः शिकले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाळ 1684-1712) तेलुगूत लिहीत, आणि मराठीतही नाटकं लिहीत. त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक सांगलीत विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचं! तंजावरच्या नाटकांची हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपली आहेत. मेलट्टूरचे संगीतकार वीरभद्रय्या हे प्रतापसिंहराजांच्या (राज्यकाळ 1739-1763) आश्रयाला होते.

आणि देवाणघेवाण दोन्हीकडून झाली. तमिळनाडूत हरिकथा करणारे आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग हे शब्द वापरतात. ही मराठी कीर्तनाची देणगी. कुंभकोणम्‌मध्ये फिरताना एक पाटी नक्की शोधा: डबीर स्ट्रीट. डबीर म्हणजे आपल्या अष्टप्रधानांतला परराष्ट्रव्यवहार बघणारा. पाटी तमिळ लिपीत, बाजूला डिग्री कॉफीचं दुकान, आणि नावात मराठी दरबार. तंजावर-कुंभकोणम् भागात घरात मराठी बोलणारी कुटुंबं आजही आहेत. त्यांची मराठी आपल्या कानाला आधी परकी वाटते, मग दोन मिनिटांनी पणजीच्या बोलण्यासारखी वाटू लागते.

भाचीचा शेवटचा प्रश्न

सकाळी आम्ही एका छोट्या हॉटेलात कॉफी घेत होतो. पितळी टम्बलर, खाली पितळी वाटी. डोळे चुरचुरत होते. भाची म्हणाली, "आत्या, आपल्या गावाला असं काही असतं का?"

मंडळी, मी गप्प झाले.

कारण असतं. माझ्या माहेरी कार्तिकानंतर जत्रा असते. देवळासमोर मांडव पडतो. तिथेही आधी गणपती येतो, मग संकासुराची धमाल, मग आख्यान. तिथेही पुरुषच बाईचं पात्र करतात, आणि एखाद्या नटाची पातळ नेसण्याची ढब बघून गावातल्या बायका माना डोलावतात. (हल्ली महिलांची दशावतार मंडळंही निघाली आहेत. हे ऐकून भाचीचा चेहरा खुलला.) पहाटे दहीकाला होतो. मी लहानपणी आजीच्या मांडीवर झोपून, मधेच उठून, अर्धं अर्धं असं कितीतरी वेळा पाहिलं आहे.

शेवटचं कधी पाहिलं? अकरा वर्षं झाली. रजा नव्हती, परीक्षा होत्या, एसटी मिळत नव्हती, थंडी होती. आणि परक्या गावाचं, परक्या भाषेतलं नाटक बघायला मात्र मी दीड दिवस प्रवास करून आले होते.

मेलट्टूरच्या त्या मंडळींनाही रजेची अडचण असणारच. परीक्षा तिथेही असतात. तरी त्या रात्री मुखवटा घालायला माणूस हजर असतो, आणि त्याला धरून ठेवायला आणखी चार जण हजर असतात. गणपती झालेल्या पोराचे पाय बघायला आई, काका, शेजारी असतात. हे बघायला येणारे कमी झाले, तर एक दिवस करणारेही कमी होतील. नाटक बंद झालं असं कुणी जाहीर करत नाही. एका वर्षी मांडव पडत नाही, एवढंच.

मी भाचीला म्हटलं, "असतं. या वर्षी जाऊ."

ती म्हणाली, "नक्की?"

तुमच्यासमोर लिहितेय, म्हणजे आता नक्कीच.

जायचं असेल तर

नरसिंह जयंती एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात येते. पंचांग बघून बेत करा, आणि उत्सवातल्या इतर रात्रींचे कार्यक्रम आधी विचारून घ्या. मुक्काम कुंभकोणम् किंवा तंजावरला सोयीचा. तिथून मेलट्टूर गाडीने सहज गाठता येतं. रात्रभर बसायचं आहे, तेव्हा सुती कपडे, पाण्याची बाटली आणि अंथरायला एक चादर घ्या. उकाडा भरपूर असतो. मुलांना प्रह्लादाची गोष्ट आधी सांगून ठेवा, आणि दुपारी सक्तीने झोपवा. नरसिंह आला की मोबाईल खाली ठेवा. फ्लॅश तर नकोच. तिथे ती पूजा चालू असते.

आणि एवढ्या लांब जाणं जमणार नसेल, तर तुमच्या गावचं काय चालतं ते आठवा. दशावतार असेल, सोंगी भारूड असेल, चैत्रातली बोहाड्याची सोंगं असतील, वाड्यातलं कीर्तन असेल, किंवा चाळीच्या गच्चीवर गणपतीत होणारी एकांकिका. यंदा एकदा जा. घरातल्या एका तरी मुलाला सोबत न्या. सगळं कळलं पाहिजे असं नाही. अर्धं झोपून पाहिलेलंही पुढे कामाला येतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

जाऊन आलात की कळवा. तुमच्या गावचा मुखवटा कोण घालतं, आणि त्याला कोण धरून ठेवतं, हे मला ऐकायचं आहे.

भेटू पुढच्या वेळी.